पाटावरचं कौल

कारापूर,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थस्वरूप कृष्णनाथदादांच्या पायांवर सगुणचं डोकं.

एक फुटकं कौल बदलायला मला काय मोजावं लागलं ते आधी सांगतो: अकरा धड कौलं, न्हाणीवरचा पत्रा, माझी कंबर आणि तुमच्या भावजयीचं, सुविधाचं, दोन दिवसांचं बोलणं. त्यातलं फक्त शेवटचं परत मिळालं आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? वैनींनी तुम्हाला सोप्यावर बसवून ठेवलं असेल आणि तिथून तुम्ही सगळ्या कोरगावावर लक्ष ठेवत असाल. (फोन मुद्दामच केला नाही. तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि शेजारपाजार ऐकतो.) इकडे कंबर सोडून सगळं क्षेम.

विषय चवथीचा. तुमच्या गुडघ्यामुळे घरचा गणपती यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे बसणार. हे घर मी खाणीवर ट्रक हाकून बांधलं. भावकीने येऊन चहा घेतला, भिंतींवर हात फिरवून पाहिला, पण देव अजून इथे आला नव्हता. म्हणून गेल्या महिन्यात देवळात आपला चुलतभाऊ रुद्रेश मागे उभा राहून जे कुजबुजला ते लागलं. "सगुणागेर गणपतीक न्हाण फुकट," म्हणाला. आरतीला घुमट जोरात वाजत होतं, तरी मला ऐकू आलं. (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. ट्रकचा कुठला नट सैल झालाय ते मी चालत्या गाडीत सांगायचो.) माझ्या घरी छप्पर गळतं हे रुद्रेश खोटं बोलला असता तर मला रागावता तरी आलं असतं.

झालं असं की मे महिन्यात फणस पिकले, माकडं आली आणि जाताना छपरावरून गेली. एवढं मोठं छप्पर, पण कौल फुटलं ते नेमकं गणपतीचा पाट मांडायच्या जागेवरचं, जिथे रानफळांनी भरलेली माटोळी टांगायची तिथलं. दर मे महिन्यात दोडामार्गचा नारायण येऊन कौलं परतून जायचा. यंदा तो आला नाही, आणि त्याचं कारण मीच. ट्रक सोडून टाकलेल्या दुकानात पत्रे ठेवायला लागल्यापासून मीच त्याला पत्रे बसवायच्या कामाला लावला, आता त्याला श्वास घ्यायला सवड नाही. गिऱ्हाइकाला मी सांगतो, एकदा पत्रा घाला आणि छप्पर विसरा. स्वतःच्या घरावर मात्र कौलंच ठेवली. पत्र्याखाली पाऊस लागला की बाकी काहीच ऐकू येत नाही, आणि मला ऐकल्याशिवाय करमत नाही.

तर आषाढभर मी ऐकलं. बालदीत टप्प, मग थोडं थांबून टप्प. श्रावणात जरा उघडीप मिळाल्यावर शिडी लावून मीच वर गेलो. वर गेल्यावर ध्यानात आलं की मी जन्मात कधी छपरावर चढलेलोच नाही. कोरगावात चढायचात ते तुम्ही. मी अंगणात उभा राहून एकेक कौल वर द्यायचो आणि मनात म्हणायचो, त्यात काय एवढं. फुटक्या कौलापर्यंत पोचलो, नवं बसवलं, इथवर सगळं उत्तम. परतताना शेवाळाने पाय काढून घेतला. बसल्या बसल्या खाली आलो, वाटेतली कौलं मोडत न्हाणीवर थांबलो. सुविधा बाहेर आली, एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेली.

त्या अबोल्याच्या दोन दिवसांत पडून पडून विचार केला. मला वाटायचं, घर एकदा बांधलं की ते आपलं झालं. पावसाआधी कौलं परता, पावसात कान लावून बसा, चवथीनंतर शेवाळ खरवडा, थंडीत पन्हळीतली फणसाची पानं काढा. छप्पर दर वर्षी नव्याने बांधायला लावतं. तुम्ही हे इतकी वर्षं केलंत आणि कधी बोलला नाहीत. खाली पाणी आलं नाही म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही.

असो. मोडलेली कौलं कडेची होती, ती शिडीवरूनच घातली. आणि पाटावरचा आवाज बंद झाला आहे. त्यानंतर तीन मोठ्या सरी येऊन गेल्या, मी जागा राहून ऐकलं, एक थेंब नाही. सुविधाने बालदी अजून तिथून हलवलेली नाही. (तिचा माझ्या कानांवर विश्वास आहे, छपरावर नाही.) मी बालदीत डोकावायलाही गेलो नाही. कान असताना डोळ्यांना कशाला त्रास? तेव्हा गणपती निर्धास्त आणा, आणि रुद्रेशला पाटाजवळच बसवा.

वैनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
सगुण

ता. क. येताना तुमच्या गवताच्या उडवीवरची निळी ताडपत्री आणा. अंगणात मांडवाला लागेल. मांडवालाच.

ता. क. २. ताडपत्री राहू दे. तुम्ही चवथीच्या चार दिवस आधीच या. गाडी पाठवतो. अंगणात खुर्ची टाकून देतो, गुडघा स्टुलावर ठेवा आणि मी वर असताना पाय कुठे ठेवू ते खालून सांगत राहा. रुद्रेशला कळू देऊ नका.

आत्ताच पाकीट बंद करताना पाय लागून ती बालदी कलंडली. आत काठाला अडकवलेला सुविधाचा जुना टॉवेल होता, चार पदरी घातलेला. विचारलं, तर म्हणाली, "तुमकां न्हीद येना जाली म्हणून घातलो."

बालदी अर्धी भरलेली होती.