दोघांचं मीठ

प्रिय दादा,

तू मजेत असशीलच. आमच्याकडे मात्र परसात मयतावर मयत चालली होती. संध्याकाळी चांगली दाणे टिपणारी कोंबडी सकाळी खुराड्यात पाय ताणून पडलेली. अंगावर जखम नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. तपास करणार कोण? मीच! तू बाबांचं सायकलचं दुकान सांभाळणार नाही म्हणून निघून गेलास. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं बाबांनी बजावलं. मग यांच्याशी मी बोलायचीच नाही, असं आईने ठरवलं. तेव्हापासून मी म्हणजे त्यांची टपालपेटी. बाबा समोर बसलेले असताना आई मला सांगते, ठमे, विचार यांना, वाढू का. बाबा खिडकीतून तुरेवाल्या कोंबडीला सांगतात, बाईसाहेब, कळवा आत, भूक नाही. तू सुटलास रे, माझं डोकं फिरायची वेळ आली.

आधी मुंगसावर संशय घेतला. मग शेजारच्या काकूंवर. त्यांच्या वाफ्यात आपल्या कोंबड्या उकरतात, म्हणून त्यांनीच काही टाकलं असेल असं वाटलं. बिचाऱ्या काकूंनी तर मेलेल्या कोंबडीसाठी डोळे पुसले. मग दाणेवाल्याशी जाऊन कडाकडा भांडले. त्याने पिशवीतला मूठभर दाणा माझ्यासमोर तोंडात टाकला आणि म्हणाला, आता मी मेलो तर या भांडायला. मेला नाही. चांगला धडधाकट आहे.

आणि मग बाईसाहेब गेल्या. तीच तुरेवाली, जी पिल्लू असताना तू शर्टाच्या खिशातून घरी आणली होतीस. मी खूप रडले, दादा. आईने तिला पदराने पुसलं, बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं, एकमेकांकडे न बघता. मी ते पुडकं घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी तिला उघडून पाहिलं आणि विचारलं, पाण्यात काय घालता? म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, उन्हाचं बादलीभर पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घाला, तेवढंच. कोण घालतं? म्हटलं, बाबा. आणि म्हणता म्हणता जीभ अडखळली, कारण मिठाची बरणी घेऊन परसात जाताना मी आईलाही पाहिलं होतं.

घरी येऊन दोघांना कोंबड्यांच्या पाण्याच्या टबापाशी उभं केलं. पाणी चाखलं आणि थुंकले, इतकं खारट. मीठ कोण घालतं म्हणून विचारलं, तर दोघं एकदम म्हणाले, मी! खारट पाण्याने कोंबड्यांना तहान लागायची, त्या मलूल दिसायच्या. यांना वाटायचं ऊन बाधलं, की आणखी मीठ. चिमटीची मूठ झाली, तीही दोन्हीकडून. टब रिकामा करून घासायचा, तर ते काम दुसऱ्याचं! एका वाक्याने वाचल्या असत्या रे सगळ्या. पाण्यात मीठ घातलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून शब्द गेला तर नाक कापलं जाईल ना यांचं!

मग जे भांडण जुंपलं! आई म्हणाली, तुम्हाला चिमूट आणि मूठ यातला फरक कळत नाही. बाबा म्हणाले, तुझी भाजी खाऊन माझी जीभच मेली आहे. भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं, मी त्यांना हातानेच गप्प राहायला सांगितलं. इतक्या दिवसांनी एकमेकांशी बोलत होते, बोलू देत. उरलेल्या कोंबड्यांना आता साधं पाणी मिळतंय आणि त्या सावरताहेत. तुझं नाव मात्र एवढ्या भांडणातही कुणी काढलं नाही.

आज सकाळी मी ओट्याशी असताना आई हळूच आली. दादाला लिही, चार दिवस तरी येऊन जा म्हणावं, पण यांना सांगू नकोस. हो म्हटलं. दुपारी टब घासत होते, तर बाबा येऊन उभे राहिले. बराच वेळ चप्पल मातीत घासली आणि म्हणाले, त्याला लिही, दुकान मरू दे, तू ये. आणि हे बघ, तुझ्या आईजवळ बोलू नकोस. म्हणजे पुन्हा तेच! कपाळावर हात मारला मी. पण या वेळी दोघांनाही एकमेकांचं सांगितलं नाही. घालू देत दोन्हीकडून, तू मोठी मूठ समज आणि निघून ये.

तुझीच,
टपालपेटी ठमी