अर्धा आटा

३ मार्च, सोमवार

धनुष्यं दाबायच्या प्रेसचं हँडल पुन्हा अडकलं. आत ग्रीस उरलेलं नाही. माझ्यातही नाही. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करायच्या, घरी आलो की लोकांची धनुष्यं. कपडे वाळत घालायच्या खोलीत हा प्रेस बसवला तेव्हा ही म्हणाली होती, 'फक्त आपल्या दोघांच्या धनुष्यांसाठी हं.' आता तिरंदाजी क्लबातली चौदा येतात. माझं स्वतःचं चार वर्षं कपाटावर पडून आहे.

आज क्लबातल्या चष्मेवाल्याचं आलं. बाण न लावताच दोरी खेचून सोडली महाशयांनी! 'काही झालेलं दिसत नाही,' म्हणे. दिसत नाहीच. धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पातींवरून कापसाचा बोळा फिरवला, वरच्या पातीच्या कडेला तंतू अडकले. म्हणजे तडा. तसंच प्रेसमध्ये दाबलं असतं तर पात फुटून माझ्या तोंडावर आली असती. हात न लावता परत दिलं. रुसला. रुसू दे.

५ मार्च

हिच्या खांद्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. डॉक्टरांनी आज धनुष्य उचलायची परवानगी दिली, पण खेचायचा जोर छत्तीस पौंडांच्या वर नाही. हिचं बेचाळीसचं. 'शिवण पुन्हा उसवली तर दुसऱ्यांदा शिवता येणार नाही,' असं स्पष्ट सांगितलं त्यांनी. बाहेर पडल्या पडल्या ही म्हणाली, 'त्यांना काय कळतंय धनुष्यातलं?' मी एकदा म्हणून बघितलं, 'थोडं कमी करू या.' 'एक पौंड कमी केलात तर मी त्याला हात लावणार नाही.' विषय संपला. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मार्च, रविवार

केलं.

आमचा प्रेस जुना. धनुष्य त्यात चढवण्याआधी दोन्ही पातींचे बोल्ट दोन-दोन आटे सैल करायचे. मग हँडल फिरवून पाती दाबायच्या, म्हणजे दोरी ढिली पडते आणि काढता येते. काम झालं की बोल्ट दोन-दोन आटे परत आवळायचे. दोन सैल तर दोन घट्ट. मी बोल्टवर पेनानं खूणही करतो, चूक नको म्हणून.

आज हिची दोरी बदलली. दोन आटे सैल केले. आवळले दीड-दीड. जुनी खूण पुसून नवी काढली. बोल्ट सैल तेवढा जोर कमी; दीड पौंड गेला.

दारातून ही म्हणाली, 'झालं?'

'झालं.'

तीस वर्षांच्या संसारात थापा पुष्कळ मारल्या, पण प्रेसवर कधी नाही.

१६ मार्च

'धनुष्याची केबल थोडी ताणली गेलीय,' म्हटलं. केबल ठणठणीत होती. पुन्हा अर्धा आटा.

संध्याकाळी मैदानावरून आली ती हसतच. वीस मीटरवर साठ बाण मारले. 'खेचायला किती हलकं जातंय माहितीये? व्यायामाचा गुण आला बघा.' मी म्हटलं, 'आला की.' मनातून लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

१९ मार्च

हिला बाळांच्या वॉर्डातून ड्यूटी संपवून यायला आज उशीर झाला. दीड किलोचं बाळ, सलाइनसाठी दोघी सिस्टरांनी टोचून पाहिलं, नस मिळेना. मग नेहमीचं – 'ताईंना बोलवा.' हिला एका टोचण्यात मिळाली. जेवताना हे तिनं असं सांगितलं जसं कुणी भाजी महाग झाल्याचं सांगतं. पण सांगितलं दोनदा. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

२३ मार्च

तिसरा अर्धा आटा. आता धनुष्यात काढायला दोष उरले नाहीत. आज 'दोन्ही टोकांची चाकं एकाच वेळी फिरत नाहीयेत' म्हटलं. 'तुम्ही म्हणता तर असेल,' म्हणाली. इतका विश्वास ठेवू नये कुणावर.

२९ मार्च, शनिवार

ऑपरेशननंतर पहिल्यांदा पन्नास मीटरवर उभी राहिली. मीही गेलो होतो.

सगळे बाण खाली. पहिले सहा खाली, दुसरे सहा खाली. एका ओळीत, छान जवळजवळ, पण हातभर खाली. क्लबात शिकवणारे मास्तर मागे उभे होते. म्हणाले, 'हात पडतोय तुमचा. बाण सुटताना डावा हात खाली जातोय.' ही म्हणाली, 'मला तर कळत नाहीये.' मास्तर म्हणाले, 'ज्याचा पडतो त्याला कळत नाहीच. आत्तापुरती नेम धरायची साईट खाली घ्या.' ते हिला कसं पटेल? चार वर्षं साईट हललेली नाही. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय. 'साईट हलवायची म्हणजे चूक झाकायची,' म्हणाली.

जोर कमी तर बाण खाली. शेंबड्या पोरालाही कळेल. मला माहीत होतं. पण वीस मीटरवर बोटभराचा फरक, पन्नासवर जाईल तेव्हा बघू, असं म्हणत राहिलो. आज तोंड उघडायला हवं होतं. मास्तरांसमोर नको वाटलं. मग गाडीत नको वाटलं.

३० मार्च

सकाळी चहा घेऊन प्रेसच्या खोलीत आली. स्टुलावर बसली. असं बसत नाही कधी.

'आईचं असंच सुरू झालं होतं. आधी हात पडायचा. तिला कळायचंच नाही.'

हिच्या आईचे शेवटचे दिवस आम्ही दोघांनी पाहिलेत. चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. तेव्हा ही रात्रंदिवस तिच्याजवळ होती.

मी म्हटलं, 'काहीतरीच काय.' त्यावर हसली. कप उचलून गेली. धनुष्य माझ्या हातात होतं, पाना हातात होता, चार शब्द बोलायचे होते. तेवढे बोलता आले नाहीत.

आणि त्यावर कडी म्हणजे चौथा अर्धा आटाही काढला. छत्तीस तर छत्तीस. अर्ध्यावर सोडलं तर हे सगळं कशासाठी केलं, असं काहीतरी डोक्यात होतं. आता वाचताना मलाही कळत नाहीये.

३ एप्रिल

हल्ली वेळेवर घरी येते. जादा ड्यूटी नाही, 'ताईंना बोलवा' नाही. जरा विश्रांती मिळतेय, बरं आहे.

मुलीचा फोन आला. 'आई गप्प का आहे? भांडलात का?' म्हटलं, 'नाही गं.' 'मग भांडा,' म्हणाली.

५ एप्रिल

काही नाही. थकलो.

६ एप्रिल, रविवार

आज दोनशे बाण मारले हिनं. दोनशे! 'मेहनत केली की हात परत येईल.' घरी आली तेव्हा खांदा सुजलेला. बर्फ लावून दिला. मागे वळून न बघता म्हणाली, 'दुखू दे. हात ताळ्यावर यायला हवा.'

ज्या खांद्यासाठी हे केलं तोच खांदा मी घालवतोय. करायला गेलो एक, झालं भलतंच. सांगायलाच हवं. उद्या ड्यूटी आहे तिची. सुट्टीच्या दिवशी सांगतो.

९ एप्रिल

बँकवालीच्या धनुष्याची दोरी बदलली. दोन सैल, दोन घट्ट. तीन वेळा मोजले.

१२ एप्रिल, शनिवार

सांगितलं. सुट्टीची वाट न बघता.

सकाळी हिला खोलीत बोलावलं. हुकाच्या काट्याला धनुष्य अडकवून खेचलं. छत्तीस. हिनं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः खेचून पाहिलं. छत्तीस.

'कधीपासून?'

'नऊ मार्च. खांद्यासाठी केलं. बाण त्यामुळे खाली जात होते. तुझा हात पडत नाहीये, कधीच पडला नव्हता.'

मला वाटलं आता भडका उडेल, घर डोक्यावर घेईल. तयारीनं उभा होतो. पण हिनं डावा हात सरळ पुढे धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. हात जरासुद्धा हलत नव्हता. मग पर्स घेतली आणि ड्यूटीवर गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल, रविवार

आज सकाळी बोलली. आवाज न चढवता.

'एकतीस तारखेलाच मी मोठ्या सिस्टरना लिहून दिलं. बाळांना टोचायचं काम माझ्याकडून काढून घ्या, हात पडतो माझा. आता मी स्टोअरमध्ये असते. चादरी बघते.'

मी म्हटलं, 'उद्या जाऊन सांग ना त्यांना. मी येतो बरोबर, मी सांगतो.'

'सांगेन की. पण परवा एका बाळाला पाच वेळा टोचलं. मी भिंतीपलीकडे होते. सगळं ऐकू येत होतं मला.'