पावण्याचा मुक्काम

११ नोव्हेंबर २००२

आज परत आडवा आला. रखमाजी तात्यांच्या खळ्यावर, वाटेच्या मधोमध. दिवाळीची सुट्टी संपली म्हणून हर्षालीला अंगणवाडीत सोडाया निघाले, तर ह्यो उभा. शेपूट वर, आवाज न्हाई, नुसता बघतोय. पोरीला उचलून कडंवर घेतली तसा आला धावत आन् साडीच्या काठाचा वास घ्याया लागला. मी वरडले. हर्षाली खिदळतीय — तिला वाटलं आई खेळतीय.

तात्या वट्यावर बसून मिशरी लावत व्हते. म्हणले, "भिऊ नको गं अंजना, काय करत न्हाई त्यो." मी म्हणलं, बांधा की मग. तर म्हणले, "पावण्याला कोण दावं लावतं व्हय?"

त्याचं नावच पावणा. गेल्या साली कुठनं तरी चालत आला आन् तात्यांच्या खळ्यावर ऱ्हायला. भाकरी त्यांची खातो, झोपतो त्यांच्या वट्यावर. गळ्यातला घुंगराचा पट्टा पण तात्यांनीच आणलाय जुन्नरच्या बाजारातनं. पण कुत्रं कोणाचं इचारलं की, "आमचं न्हाई बा. पावणा हाय. आला तसा जाईल."

आमच्या वस्तीवरनं कळंबात जायला दुसरी वाट न्हाई. एका अंगाला ऊस, एका अंगाला त्यांचं खळं.

१२ नोव्हेंबर

आत्याबाई सगळ्या बायांपुढं म्हणल्या, "आमची सून कुत्र्याला भिती. हिला मळ्यात कशाला दिली, मंचरला वरच्या मजल्यावर द्यायची." बाया हसल्या. सासूबाईच म्हणल्यावर मी पण हसले.

जानकूचं हितं कोणाला सांगितलं न्हाई मी. माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा. कुत्रं चावलं, जखमंत मिरची भरली, जखम बरी झाली. सगळे इसरले. मग एक दिवस पाय खाजतोय म्हणाया लागला, चावलं व्हतं तिथंच. मग पाणी मागितलं, आन् चुलतीनं तांब्या पुढं केला तर भिंतीला जाऊन चिकटला. तहान लागलेली, पाणी मागतोय, आन् पाणी बघवत न्हाई. मला तिथनं वढून न्हेलं. पण मी बघितलं ते बघितलं.

बोलायला कोण हाय. म्हणून लिवते. सातवीनंतर पेन हातात धरलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

ह्यांना म्हणलं, तुमी बोला एकदा तात्यांशी. गेले. लई वेळानं आले, चहा पिऊन.

"काय म्हणले?"

"म्हणले, सूनबाईचं बरोबर हाय."

"मग बांधणार?"

"बांधला तर वाघाला ताट वाढल्यासारखं व्हईल म्हणले."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणत्यात. ऊसतोड लागली की उसातनं निघतो आन् वस्त्या धुंडतो. वरल्या वस्तीवरच्या लंकाबाईच्या दारातलं कुत्रं साखळीसकट न्हेलं. तवापासनं कोणी कुत्रं बांधत न्हाई. मोकळं सोडलं तर माणसाला भ्या, बांधलं तर कुत्र्याला. त्यात कुत्र्याचं भ्या सगळ्यांना कळतंय, माझं कोणाला न्हाई.

हे जेवताना सांगत व्हते, फाट्यावर पुण्याकडच्या कोण्या गाडीवाल्यानं कुत्रं सोडून दिलं. मोठ्या घरचं. शेपूट बुडापासनं कापलेलं, गळ्यावर पट्ट्याची खूण. ह्यांच्या पंक्चरच्या दुकानापुढं बसतं आन् पांढरी गाडी दिसली की मागं पळतं. "तुला आणू का ते? हालवाया शेपूट बी न्हाई बिचाऱ्याला." असली मस्करी.

१७ नोव्हेंबर

आज तात्या खळ्यावर बायांना सांगत व्हते, राती पावण्यानं वाघ हुसकला. "आमचा पावणा हाय म्हणून वस्ती झोपतीय."

आज आमचा.

२१ नोव्हेंबर

चावला.

दुपारची लाइट आली म्हणून कांद्याला पाणी धरलं व्हतं. अंगणवाडीत पोचाया उशीर झाला. हर्षाली बाकीच्या पोरांमागं निघाली, ती पोरं मोठी, पळाली पुढं. मी बांधावर असताना तिचं रडणं ऐकलं.

खळ्याच्या कडंला, उसापाशी पडलेली. पोटरीतनं रक्त. पावणा तिच्या शेजारी उभा आन् उसाकडं तोंड करून भुकतोय, नुसता भुकतोय. मी धोंडा हाणला. पाठीत बसला त्याच्या. केकाटला, पण जागचा हालला न्हाई. दुसरा हाणला तवा गेला.

"पावणा चावला ना? पावणाच ना गं?" तिला गदागदा हालवून इचारलं. ती रडत रडत मान हालवत व्हती.

आत्याबाई मिरची घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. म्हणलं, मिरची न्हाई. साबणानं धुतला पाय, पाणी तांबडं व्हायचं थांबंपर्यंत.

तात्या आले. म्हणले, "आमचा पावणा चावत न्हाई." आन् त्याच दमात, "आन् त्यो आमचा बी न्हाई."

दवाखान्यात लस संपलेली. डॉक्टर ह्यांना म्हणले, "पुण्यात मिळेल. पोटात घ्याव्या लागतात सुया, चौदा. कुत्रं ओळखीचं आहे का?" हे म्हणले, शेजारचंच हाय. "मग बांधून घाला. दहा दिवस बघा. खातंय-पितंय तर पोरीला काही होत नाही. मेलं, पळालं, नाहीतर पाणी सोडलं तर त्याच दिवशी पुणं गाठायचं."

येताना गाडीवर हे म्हणले, "बघ, सोपं झालं." सोपं!

२२ नोव्हेंबर

सकाळी तात्यांकडं गेले. म्हणलं, धा दिवस तेवढा बांधा. पाया पडते.

"माझं कुत्रं असतं तर बांधलं असतं. आन् बांधलं आन् वाघानं न्हेलं, मग तूच म्हणशील पळवून लावलं. तुला बांधायचाय तर न्हे तुझ्या दारात."

साळूकाकू, तात्यांच्या बायको, उठल्या. गोठ्यातनं वासराचं दावं आणून माझ्या हातात दिलं.

मी जन्मात कुत्र्याला हात लावला न्हाई. भाकरी पुढं टाकली, डोळं मिटलं आन् पट्ट्यात दावं अडकवलं. त्यानं नुसता माझा हात चाटला. घरी येऊन हात घासून घासून धुतला, तरी वाटतं तिथं काय तरी हाय.

जांभळीला बांधला. अंधार पडाया लागला तसं ध्यानात आलं — दारात कुत्रं बांधलं म्हंजे वाघाला घर दावलं. घरात माझी पोर. आन् वाघानं ह्याला न्हेलं तर मला कसं कळायचं, येडं व्हतं का शाणं?

घरात घेतला. आत्याबाई अंथरूण उचलून गोठ्याकडं निघाल्या. ह्यांनी आडवलं. "आई, जावयाचा बी एवढा मान न्हाई आपल्यात. चार दिस सोस." आत्याबाई म्हणल्या, "चुलीजवळ आला तर मी न्हाई जेवणार."

२३ नोव्हेंबर

प्याला. दोनदा.

२५ नोव्हेंबर

दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत बसते. जांभई दिली तरी जीव उडतो. लाळ गळाली तर पदरानं पुसून बघते फेस हाय का. हर्षालीच्या वाटणीचं दूध त्याला घालते. ज्याला धोंडं मारलं त्याला म्हणते, खा रे बाबा, जग.

हर्षाली त्याच्या पोटावर डोकं ठिऊन झोपली दुपारी. मी ताडकन उचलली. ज्यानं फाडलं त्याच्याच अंगावर कशी झोपते ही? लेकराला कळत न्हाई. लेकरं इसरत्यात.

आपण न्हाई इसरत.

२७ नोव्हेंबर

राती वाघ आला. दाराशी खसखस झाली, मग वास. पावणा भुकला न्हाई, माझ्या पायाला चिकटून थरथर कापत बसला. मी त्याच्या गळ्यात हात टाकून बसले. भ्यालेलं दुसरं कोण जवळ नव्हतं, हे घोरत व्हते.

सकाळी दारात पंजे. तात्यांचं वासरू न्हेलं.

तात्या आले, उभ्या उभ्याच. "माझं कुत्रं दे माघारी. त्यो खळ्यावर असता तर वासरू गेलं नसतं."

मी दारात आडवी झाले. म्हणलं, "तुमचं कुठं हाय तात्या? पावणा हाय. मुक्काम वाढलाय त्याचा."

ह्यांना हसू आवरंना. तात्या लाल झाले. मला न्हाई हसू आलं. पण न्हाई दिला.

२८ नोव्हेंबर

हे फाट्यावरनं आले ते दार लावूनच घ्या म्हणत आले. ते शेपूटकापं कुत्रं येडं झालं व्हतं. तोंडाला फेस, हॉटेलच्या टेबलांना चावत सुटलं. लोकांनी दगडानं मारलं, वढ्याकडंला पुरलं. हे म्हणले, "आठ दिस दिसतच नव्हतं. कुठं कुठं हिंडून आलं काय म्हाईत."

बरं झालं पावणा घरात बांधलाय. मोकळा असता तर ह्याला चावलं असतं ते, आन् मग माझ्या पोरीचं काय.

मी ह्यांना म्हणलं, तरी पण जायचं का पुण्याला, सुया घेऊन येऊ. "कुत्रं डोळ्यापुढं धडधाकट बसलंय. पोरीच्या पोटात चौदा सुया कशाला टोचायच्या उगं?" खरं हाय. मलाच बघवलं नसतं.

३० नोव्हेंबर

सकाळी पाणी ठेवलं, बघितलंच न्हाई त्यानं. दुपार झाली तरी न्हाई. ह्यांना बोलवाया पोरगं धाडणार, तेवढ्यात आत्याबाई बोंबलत आल्या — देवाच्या तांब्याच्या कळशीतलं पाणी पिऊन बसला व्हता, अर्धी कळशी. मी तिथंच बसून रडले. आत्याबाई शिव्या देता देता थांबल्या. म्हणल्या, "पिऊ दे. देवाला दुसरं आणू."

२ डिसेंबर

धा दिवस झाले. वर एक ठेवला जादाचा.

खातो, पितो, शेपूट हालवतो. शिरा केला, त्याला पण दिला. मग दावं धरून तात्यांच्या खळ्यावर घेऊन गेले. तात्या म्हणले, "म्हणलं व्हतं ना, पावणा चावत न्हाई." चावला तर व्हताच, पण भांडाया अंगात जोर नव्हता. तात्यांनी कोपऱ्यात कुडाचं खोपटं घातलंय, वर जाळी. "राती त्यात कोंडीन. दिसा बांधीन. आता गेलेलं वासरू काय येत न्हाई." साळूकाकू म्हणल्या, "हेच आधी केलं असतं तर?" तात्या कुत्र्यापाशी बसले. पहिल्यांदा कुत्र्याला आपलं म्हणून हात लावला त्यांनी.

दावं परत दिलं. घर मोकळं मोकळं वाटतंय. आत्याबाईंनी पण संध्याकाळी भाकरीचा तुकडा काढून ठेवला, मग ध्यानात आलं त्यांच्या.

झोप आली.

५ डिसेंबर

खळ्यावरनं एकटी गेले. त्यो साखळीला. मी भ्याले न्हाई.

९ डिसेंबर

हर्षालीला जरा कणकण. पाय खाजतोय म्हणती. खपली सुकाया लागली की खाजतंच, आत्याबाई म्हणल्या. खोबऱ्याचं तेल लावलं.

१० डिसेंबर

अंगणवाडीतनं येताना पावण्यापाशी थांबलो. साखळी लांब केलीय त्याची. हर्षालीनं गळ्यात हात टाकलं. मी म्हणलं, सांग त्याला, परत चावू नको म्हणावं.

म्हणली, "ह्यो कुठं चावला? ह्यानं पळवलं त्याला. त्याला शेपूट नव्हतं."

ह्यांना निरोप धाडलाय. मिळंल त्या गाडीनं पुण्याला जायचं.

तांब्याभर पाणी दिलं तिला. प्याली. परत भरला.