टाके

३ जून
हॉस्पिटलातून थेट सासरी आलो. आमची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि माझ्या पोटाला ताजे टाके, म्हणून पहिले काही महिने इथेच काढायचं ठरलं. या घरात आजवर मी पाहुणी म्हणूनच आलेली. सासूबाईंनी खालची खोली झाडूनपुसून ठेवली होती, खिडकीला नवा पडदा, पाळण्याच्या कड्यांना तेल. मोठी नणंद दारातच हात पसरून उभी. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांना मूल नाही. वाट बघून बघून नवराही सोडून गेला. बाळ त्यांनी इतकं जपून छातीशी धरलं की मलाच भरून आलं. बाळ अगदी माझ्यावर गेलंय म्हणे, हनुवटीवरची खळीसुद्धा. नवरा म्हणाला, नाक तरी माझं ठेवायचं होतंस. हसून हसून टाके दुखले.

११ जून
बाळंतिणीचे लाड काय असतात ते कळतंय. आंघोळ ताई घालतात, दुपटी ताई धुतात, ढेकर ताई काढतात. त्यांच्या खांद्यावर पहिल्या थोपटीला ढेकर येतो, माझ्या खांद्यावर नुसतं दूध. माझ्याकडे फक्त पाजणं उरलंय. मी झोपून उठले की बाळ ताईंच्या पावडरीचा वास घेऊन परत येतं. तक्रार तरी कशाची करू? बायका मदतीला माणूस मिळत नाही म्हणून रडतात.

२४ जून
बाळ माझ्याकडे पीत नाही. तोंड फिरवतं. भुकेने रडतही नाही, उलट गाल भरत चाललेत. ताईंना विचारलं, बाटलीने पाजता का? म्हणाल्या, घरात बाटलीच नाही. खरंच नाही; मी सगळी कपाटं उपसली. माझी छाती दगडासारखी व्हायची, ती आता मऊ पडलीय.
दुपारी ताई दुपटी वाळत घालत होत्या. त्यांच्या कपड्यांवर, छातीशी, दोन ओले डाग. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी टॉवेल पुढे धरला.

२ जुलै
लसीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं, खूश झाल्या, आणि ताईंना म्हणाल्या, आईचं दूध छान पुरतंय. मी म्हणाले, आई मी आहे. त्या समजुतीने हसल्या. सांभाळणाऱ्या बाईलाही लळा लागतोच, म्हणाल्या. नवरा शेजारीच उभा होता. त्याने दुरुस्त केलं नाही. बाहेर आल्यावर भांडले तर म्हणतो, झोप होत नाहीये तुझी, सगळ्याचा उगाच बाऊ करतेस. ताई ओशाळल्या होत्या, हे खरं. पण बाळ काही त्यांनी हातातून सोडलं नाही.

९ जुलै
आंघोळ करताना हात पोटावर गेला. टाके नाहीत. व्रणही नाही. पोट लग्नाआधी होतं तसं सपाट. एरवी बायका यासाठी जीव टाकतात. मी घासघासून बघितलं, कातडी लाल झाली, बाकी काही नाही.
बाहेर सासूबाई ताईंना सांगत होत्या, वाकू नकोस, टाके ओले आहेत अजून.

१३ जुलै
नवऱ्याला पोट दाखवायला गेले. तो दचकून मागे सरला. दार सताड उघडं केलं. म्हणाला, "बाई, हे काय करताय? ताईचं बाळ सांभाळायला ठेवलंय तुम्हाला."
करताय. तुम्हाला. लग्नानंतर ज्याने मला एकदाही अहो-जाहो—

१५ जुलै
ताईंना गाठलं. त्या रडल्या.
"मी मागितलं नव्हतं गं. नुसतं जवळ घेत गेले, आणि येत गेलं. परत कसं द्यायचं ते कळत नाही मला."
मग डोळे पुसले. "आणि कळलं तरी..."
बाळाकडे बघत राहिल्या. त्यांच्या हनुवटीवर खळी आहे. बोटाने चाचपली, माझ्या नाही.

१६ जुलै
सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. काम चांगलं केलंत, म्हणाल्या. माझ्याकडे बघून, अगदी मायेने.

१७ जुलै
मी गेले नाही. ताई आंघोळीला गेल्या. बाळ उचललं. खोलीला आतून कडी. लिहून ठेवतेय, म्हणजे विसरणार नाही.
बाळ रडतंय. परक्याने उचलल्यासारखं.
नवरा दार ठोठावतोय. पोलिसांना बोलावतो म्हणे. बोलवा. सांगेन मी सगळं. कळा कमरेतून आल्या होत्या— की हे ताईंनी मला सांगितलं? नाही. माझ्याच. वर पांढरा दिवा होता. कोणीतरी म्हणालं, मुलगा— मुलगी—
थांबा. दुपटं सोडून बघते. गाठ सुटत नाहीये. आईला हे न बघता सांगता यायला—