त्या फाइलमधल्या आकड्याचे कारण

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षे झाली, आणि तुमच्या कामाला काम म्हणायची बुद्धी मला या आठवड्यात होते आहे. देहूरोडच्या लष्करी डेपोत तुम्ही गाड्यांच्या सुट्या भागांच्या खणांना कार्डे लावत होता. ते हमालाच्या वरचे आणि कारकुनाच्या खालचे काम, असे मी मैत्रिणींना सांगत असे.

आज लोणावळ्याच्या घरात बसून मी तेच करते. आम्ही एका रुग्णालयासाठी केलेले सॉफ्टवेअर नवजात बाळांच्या औषधाची मात्रा काढून देते. इतक्या वर्षांत त्याच्या फायली कशाही वाढल्या. एकाच नावाच्या तीन, मग ‘नवीन’, मग ‘नवीन अंतिम’. त्या लावणे आणि प्रत्येकीच्या माथ्यावर ती काय करते व का करते हे लिहिणे, हे काम मी मागून घेतले. दुसऱ्या कुणाला ते नीट जमले नसते. टीप न लिहिणाऱ्यांना मी बैठकीत नावानिशी झापले आहे. मंगळवारी एक फाइल उघडली. दोन किलोंखालच्या बाळासाठी मात्रेला शून्य पूर्णांक आठ दशांशाने गुणले होते. का, याचा एक शब्द नाही. लिहिणारी मीच, नऊ वर्षांपूर्वीची. डॉक्टरांनी सांगितले होते, की चाचणीपुरता टाकलेला आकडा काढायचा राहिला? आठवत नाही.

तेव्हापासून आपले स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मी बारावीत आहे, ओट्याशी उभी. तुमचे डेपोतले एक सोबती चहा पिता पिता मला सांगत आहेत, “लय शाना हाय तुजा बाप. तपासणीच्या टायमाला कार्डावर लिवलं, कशाचा भाग ठाऊक न्हाई. सायब म्हनला, मग पगार कशाचा घेतो?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “काय बी लिवलं तर म्होरला मानूस खरं धरंल. ठाऊक न्हाई लिवलं, तर इचारायला तरी यील.” मला तुमची लाज वाटली. मी म्हटले, “आबा, निदान अंदाजाने तरी लिहायचे.” तुम्ही बशी खाली ठेवलीत. “अंदाज तुज्या वहीत लिव. हितं त्याच्यावर गाडी चालतीया.”

बुधवारी मी त्या फाइलच्या माथ्यावर चार ओळी लिहिल्या. कमी वजनाच्या बाळांची मूत्रपिंडे अपरिपक्व असतात, म्हणून मात्रा घटवली आहे. वाक्यरचना निर्दोष, कारण पटण्याजोगे. ते खरे आहे की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या कामाची तपासणी करणाऱ्या सहकारिणीने विचारले, “मॅडम, हे कुठे मिळालं? मी जुन्या मेल सगळ्या चाळल्या, काहीच नव्हतं.”

“आठवलं,” मी म्हणाले.

“बरं झालं, तुम्ही अजून इथे आहात,” ती म्हणाली, आणि तपासल्याची खूण करून मोकळी झाली.

सोमवारी ही नव्याने लावलेली आवृत्ती रुग्णालयात सुरू होईल. तेव्हा मात्रांचे नियम सांगणाऱ्या डॉक्टरांचा नंबर माझ्याजवळ आहे. त्यांनी वेगळेच कारण सांगितले, तर ती टीप मी मनाने लिहिली हे सगळ्यांना सांगावे लागेल. सकाळपासून दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. मग हे पत्र लिहायला घेतले, आबा, आणि मध्येच एक शब्द खोडावा लागला म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहून काढले. तेवढ्यात दुपार गेली.