डावीकडचा फोटो

४ जुलै
आले एकदाची! रेडिओलॉजीची रेसिडेंट झाले. ताईला फोन केला तर म्हणते कशी, अंधारात बसून फोटोच बघायचे तर एवढं शिकायला कशाला हवं. आईमागे तिनंच मला वाढवलं, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क तिचाच.
रिपोर्ट लिहायची खोली तळमजल्यावर आहे. खिडकी नाही आणि एसी असा की स्वेटर घालून बसावं लागतं. मला कोपऱ्यातली जागा मिळाली, समोर दोन स्क्रीन. विभागप्रमुख मॅडमनी पहिलाच नियम सांगितला: पेशंटचा जुना फोटो डावीकडे, आजचा उजवीकडे, आणि दोन्ही ताडून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. काचेपलीकडे एक्स-रेची खोली. तिथले टेक्निशियन सगळ्यांचेच मामा. त्यांनी आल्या आल्या चहा पाजला. मजेत जाणार दिवस.

९ जुलै
आज मामांकडून शिकले. पेशंटला धड बसता येत नसेल तर कुणालातरी शिशाचा एप्रन चढवून त्याला धरायला लावतात, आणि धरणाऱ्याच्या बोटांची हाडंही फोटोत उमटतात. एका बाळाच्या बगलेत त्याच्या बापाची बोटं दिसली, अंगठीसकट. मग मीही माझी करंगळी दाखवली. लहानपणी ताईनं रागाच्या भरात दार आपटलं आणि बोट चेंगरलं, तेव्हापासून हाड जोडायला घातलेल्या दोन बारीक तारा आत आहेत. एक सरळ, एक वाकडी. ताई म्हणते, बरं झालं, ठमे, हरवलीस तर ओळखता येशील.

१८ जुलै
एक ट्रकवाले काका आले होते. डावीकडच्या फोटोत छातीत भलीमोठी गाठ, उजवीकडे जेमतेम सुपारीएवढी. गाठ बरीच कमी झाली आहे, असं मी लिहिलं आणि मॅडमनी सही केली. काका जाताना हात जोडून गेले. दिवस कारणी लागला.

२ ऑगस्ट
काका परत आले. आजच्या फोटोत गाठ भलीमोठी. काढायचा राहून गेलेल्या शर्टाचं बटणसुद्धा तेव्हा डावीकडे दिसलं होतं तिथंच. मी जुना म्हणून बघितला होता तो हाच फोटो.
मॅडम भडकल्या. काकांचा जुलैतला फोटो पहिलाच होता, मग तू ताडलंस कशाशी, म्हणाल्या. मी डावीकडे बोट दाखवलं. त्यांना तिथं काळी स्क्रीन दिसत होती. मला गाठ दिसत होती.


५ ऑगस्ट
पहिल्यांदाच येणाऱ्यांचेही फोटो डावीकडे असतात. एका शिक्षिकेचं गळ्याजवळचं हाड उजवीकडे धड होतं, डावीकडे मोडलेलं. परवा ती जिन्यावरून पडून आली.
डावीकडचा फोटो जुना नाही. पुढे कधीतरी निघणार आहे तो.
एका आजोबांच्या वेळी मात्र डावीकडे नुसता काळोख होता. वाटलं, सुटले. संध्याकाळी वॉर्डातून कळलं, आजोबा गेले.
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चष्म्याचा नंबर तपासून घे. जागा बदलून घेतली. तिथंही तेच.

९ ऑगस्ट
ताई आली. खोकला आहे म्हणून, मला न सांगता, थेट मामांकडे.
उजवीकडे छाती स्वच्छ. डावीकडे दोन्ही फुफ्फुसं पांढरीफटक, हवेला जागाच नाही. आणि बगलेत कुणाचीतरी बोटं.
करंगळीत दोन तारा. एक सरळ, एक वाकडी.

११ ऑगस्ट
हट्टानं ताईचा सीटी करवला. स्वच्छ. रक्तही ठीक. डॉक्टर म्हणतात, नसलेल्या रोगावर औषध कसलं देऊ? मी त्यांच्यापुढे रडले. ताईला लाज वाटली. घरी जाऊन झोप काढ म्हणाली.
एक सुचलंय. मी तिला धरलंच नाही तर तो फोटो निघेलच कसा? आता तिला हातही लावायचा नाही.

२० ऑगस्ट
ताईला ताप. वरच्या वॉर्डात ठेवलंय. आजच्या फोटोत फुफ्फुसांच्या तळाशी पांढरं. डावीकडच्या स्क्रीनवर अजून तोच फोटो.
ती हात पुढे करते. मी खिशात हात घालून उभी राहते. तिला वाटतं मी रागावलेय.

२२ ऑगस्ट
धाप वाढली. मामांना बजावलंय, तिला आणलं तर नर्स धरेल. मी नाही. काही झालं तरी—

२३ ऑगस्ट
आणलं. काचेतून दिसतेय. खुर्चीवरून घसरतेय सारखी— नर्सला वरून बोलावणं आलं, गेली. मामा एकटे, त्यांना बटण दाबायचंय. वॉर्डातून फोन, फोटो बघितल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही, लवकर पाठवा. मामा एप्रन घेऊन दारात उभे. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं—
ताईनं मान वळवली.
"ठमे, धर ना गं मला."

धरलं.
किती हलकी झालीय.
उजवीकडे फोटो आलाय. फुफ्फुसं पांढरीफटक. बगलेत माझी बोटं. तारा दोन्ही—
ताडून बघायचं. आधी डावीकडे—
डावीकडे काही नाही. काळोख. स्क्रीन बंद करून लावली, केबल काढून लावली— काळोख—
मामा आतून मला हाक मारतायत. नावानं. कधी नावानं मारत नाहीत—
ताई अजून खुर्चीतच आहे, मी फक्त एवढंच बघायला बाहेर आ—