माझ्या अक्षरातलं कार्ड

१४ तारीख, मंगळवार
मधली सुट्टी

धाकटे,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. आत्ता नको असेल तर घडी करून उशाखाली ठेव, नासणारी वस्तू नाही. इकडे सगळे बरे. तू माहेरी गेल्यापासून तुझा नवरा स्वतःचा चहा स्वतः करतो आणि पिताना तोंड असं करतो, जसा काही मीच केलाय. तुझी चिमणी माझ्याजवळ झोपते आणि लाथा मारते. खिडकीतलं तुझं झाड अजून जिवंत आहे. पाणी मी घालते, म्हणजे नशीबच म्हणायचं त्याचं.

फोन करणार होते. पण फोनवर तुझं बोलणं जास्त अडतं, आणि मला मधे तोंड घालायची खोड. तुझा एक शब्द बाहेर पडेपर्यंत माझी तीन वाक्यं होतात. म्हणून कागद घेतला.

त्या दिवशी तू वर्गाच्या दारातून अर्धंच पाहिलंस. पूर्ण सांगते.

सातवीच्या बाईंनी पोरांना बोलतं करायला ती कार्डं काढली. एकेका कार्डावर एकेक विषय, ‘तुझी सकाळ’, ‘हरवलेली वस्तू’, असे. पालथ्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचलायचं आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं. जोडीदारानं मांडीवर हात ठेवून ऐकायचं, मधे चकार शब्द काढायचा नाही, आणि मग ऐकलं ते जसंच्या तसं वर्गाला सांगायचं. मुकी पोरं बोलायला लागली, बडबडी ऐकायला लागली. मलाही एकदा त्या बाकावर बसवायला हवं, असं बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा मी हसले.

शाळेची शिपाई मी, म्हणून पुठ्ठे कापायचं काम माझं. अक्षर बरं म्हणून लिहायचंही माझ्याकडेच. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, पण अक्षर मोत्यासारखं असं गुरुजी म्हणायचे. डोक्याबद्दल काही म्हणाले नाहीत. कधीमधी मी माझ्या पदरचं एखादं कार्ड गठ्ठ्यात सरकवायची. ‘घरात कोण घोरतं?’ असलं काहीतरी. बाई हसून चालू द्यायच्या.

आपली चिमणी मात्र पंधरा दिवस कार्ड उचलायची आणि खाली ठेवून द्यायची. घरी पोपट, वर्गात दगड. म्हटलं, हिला हिच्या हातचं काहीतरी द्यावं. हजेरीची वही न्यायच्या निमित्तानं आत गेले आणि तिची पाळी येताना माझं कार्ड वर ठेवलं. ‘घरातल्या एकाच्या बोलण्याची नक्कल कर.’ हो, ते कार्ड माझं. बाईंना माहीत पण नव्हतं.

मला वाटलं, बापाची शिंक काढेल, नाहीतर माझा आरडाओरडा. तिनं तुझं बोलणं काढलं. तू तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला दारात आलीस, ती नेमकी तेव्हा. वर्ग हसला. आणि मग नियमाप्रमाणे तिची जोडीदारीण उठली, तिनं ऐकलं ते जसंच्या तसं, तुझं अडखळणं पुन्हा करून दाखवलं. तू दोन्ही वेळा उभी होतीस. चष्मा खिडकीत ठेवून गेलीस.

घरी तू चिमणीला एवढंच विचारलंस, “तुला माझी लाज वाटते ना?” पोरगी नुसती मानेनं नाही नाही करत राहिली. तू पिशवी भरत होतीस, पाहिलं नाहीस. मी चुलीपाशी पाठ करून उभी होते.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. असलं कार्ड कोणी लिहिलं म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, वर्ग माझा, कार्डंही माझीच. मी तिथेच टेबलावर चहा ठेवत होते. जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, तेही नको तिथे. कार्डं कपाटात गेली. चिमणी आता वर्गात ‘हजर’सुद्धा म्हणत नाही, नुसता हात वर करते.

इथपर्यंत लिहून मी दोनदा घंटा द्यायला उठले. घंटेची वेळ झालेली नव्हती.

धाकटे, पोरीला ती नक्कल कुठून आली, हे तू विचारलं नाहीस. माझ्याकडून आली. तू कपडे वाळत घालायला गेलीस की मी ओट्यापाशी तुझं बोलणं काढून दाखवायची. किती वर्षं, ते विचारू नकोस. ती लहान होती तेव्हा खिदळायची, मग स्वतः करायला लागली. माझ्यापेक्षा बरी जमली तेव्हा मी तिला जवळ घेऊन म्हटलं, गुरूला मागे टाकलंस गं. वर्गात तिला वाटलं, एवढीच गोष्ट आहे आपल्याला छान येणारी. शाबासकी मीच दिली होती ना.

तुझे भावजी गेले तेव्हा घरभर माणसं बोलत होती. तू तेरा दिवस माझ्या शेजारी बसलीस आणि मी तेच तेच सांगत राहिले, ते ऐकलंस. आणि तुझी मी नक्कल केली.

काल मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. बाईंचीही माफी मागितली. आता मला वर्गात जायचं नाही, घंटा तेवढी द्यायची. बरोबरच आहे. चिमणीलाही सांगितलं की चूक तिची कमी, माझी जास्त. तिनं विचारलं, “आईला सांगितलंस?”

सोबत एक कार्ड पाठवते आहे. कोरं आहे, विषय तू घाल. मला शिव्या घालायच्या असल्या तरी चालेल. पण आधी पोरीशी बोल, ती रोज चष्मा पुसून तुझ्या उशीवर ठेवते. मग माझ्यासमोर बस. दोन मिनिटं नाही, लागेल तेवढा वेळ घे. मी मांडीवर हात ठेवून बसेन. तुझा शब्द मधे अडला, तर तो पुरा करणार नाही.

वाट बघणारी, आणि आता गप्प बसलेली,
तुझी थोरली